चार ओळी, दोन पतंग : संत्रापट्ट्यातील एका जैवविविधता नोंदवहीचा प्रकरण अभ्यास

अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि मोर्शी हे तालुके संत्र्याचा पट्टा म्हणून ओळखले जातात. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या पायथ्याशी ओलिताच्या बागा आणि बागांच्या मधल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, बोर, बाभूळ, पळस व त्यांच्यावर चढलेल्या वेली, असे येथील अनेक गावांचे शिवार दिसते. अशाच एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीतील पतंगांच्या पानाचे हे प्रकरण आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि गावातील सजीवांची व त्यांच्याविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख काम असते. या गावात नोंदवहीचा कच्चा मसुदा आधीच तयार होता. झाडे, वेली, पिकांचे वाण आणि पक्षी यांची पाने भरलेली होती. पतंगांचे पान मात्र एकच होते, आणि ते जसेच्या तसे मंजूर करावे की नाही, असा प्रश्न समितीपुढे आला तेव्हा फेरतपासणी सुरू झाली. प्रस्तुत लेखक त्या कामात कीटकांच्या पानांपुरता सहभागी होता. समितीच्या इच्छेनुसार गावाचे नाव येथे दिलेले नाही.

प्रश्न उपस्थित होण्याचे कारण शास्त्रीय नव्हते. आंब्या बहाराची संत्री पिकायला लागतात त्या दिवसांत रात्री बागेत पतंग उतरतात, फळाच्या सालीला सोंडेने भोक पाडून रस शोषतात आणि त्या भोकातून बुरशी व जिवाणू आत शिरल्याने फळ सडून गळते. सकाळी झाडाखाली पडलेल्या फळावर टाचणीने टोचल्यासारखे एक भोक आणि त्याभोवती तपकिरी, मऊ पडलेले वर्तुळ दिसले की बागायतदार ही गळ पाखराची आहे हे ओळखतो. या नुकसानीची नोंद वहीत नीट यावी, अशी बागायतदारांची मागणी होती. दुसरीकडे, वेलींच्या पानावर गुळवेलीपुढे ‘औषधी, धुऱ्यावर राखावी’ असा शेरा गावातील जाणत्यांनी लिहवून घेतलेला होता. समितीतील एका सदस्याने कृषी विस्ताराची एक पत्रिका पुढे केली, तिच्यात बागेभोवतीची गुळवेल आणि वासनवेल काढून टाकावी असा सल्ला होता, कारण रस शोषणाऱ्या पतंगाची अळी याच वेलींवर वाढते. एकाच वहीच्या एका पानावर वेल राखायची आणि दुसऱ्या पानावर तीच उपटायची, हे चालणार नव्हते. तेव्हा वेलीवर नेमकी कोणाची अळी आहे, हे ठरवणे भाग पडले.

मसुद्यातील पानावर या विषयाशी संबंधित चार ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘ऑथ्रिस फुलोनिया’ हे नाव होते. ते पत्रिकेतून उतरवलेले होते आणि त्यासोबत नमुना किंवा छायाचित्र काहीच नव्हते. दुसऱ्या ओळीत ‘युडोसिमा फॅलोनिया’ हे नाव होते; शाळेच्या ओसरीच्या भिंतीवर बसलेल्या एका पतंगाचा फोटो मोबाइलमधील ओळख सांगणाऱ्या ॲपला दाखवल्यावर ते मिळाले होते. तिसऱ्या ओळीत ‘युडोसिमा मॅटर्ना’ होते आणि त्याला आधार म्हणून बागेत सापडलेला एक मेलेला पतंग प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेला होता. चौथी ओळ वेगळ्याच रकान्यात, ‘इतर अळ्या’ या शीर्षकाखाली होती : ‘गुळवेलीवरची डोळेवाली अळी’. या चारही ओळी वेगवेगळ्या चार जिवांच्या आहेत असे मसुदा वाचणाऱ्याला वाटणार, हे उघड होते. बैठकीला आलेल्या एका ज्येष्ठ बागायतदाराचे मत याच्या अगदी उलट पडले. ते म्हणाले, “सर, पाखरू तर एकच आहे जी, कागदावर तुम्ही त्याचे चार करून ठेवले.” त्यांचा अनुभव मोठा होता आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे निघाले.

पहिल्या दोन ओळींचा उलगडा ग्रंथालयातच होऊ शकला, कारण तो पतंगाचा प्रश्न नव्हता, नावांच्या इतिहासाचा होता. स्वीडनचे वर्गीकरणशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७६३ मध्ये या पतंगाला फॅलोनिया हे नाव दिले. त्यांचेच देशबांधव कार्ल क्लेर्क यांनी १७६४ मध्ये त्याच पतंगाला फुलोनिया म्हटले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात, त्यामुळे एका वर्षाच्या फरकाने लिनियस यांचे नाव पुढे आहे; तरीही प्रत्यक्ष वापरात फुलोनिया आणि त्याचे फुलोनिका हे रूपच दीर्घकाळ चालत राहिले. प्रजातीच्या, म्हणजे जिनसच्या, नावाचीही अशीच फिरवाफिरव झाली. ब्रिटिश काळातील भारतीय पतंगांचा मोठा ग्रंथ जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत लिहिला, त्यात हे पतंग ओफिडेरिस या प्रजातीत आहेत. नंतरच्या कृषिशास्त्रीय लेखनाने ऑथ्रिस हे नाव स्वीकारले, आणि आज युडोसिमा हे १८२० मधील सर्वांत जुने नाव मान्य आहे. म्हणजे ऑथ्रिस फुलोनिया आणि युडोसिमा फॅलोनिया ही एकाच जातीची जुनी व नवी नावे आहेत. कृषी महाविद्यालयाच्या जुन्या पुस्तकांवर शिकलेला अधिकारी पहिले नाव लिहितो, ॲप दुसरे नाव दाखवते, आणि दोघांपैकी कोणीही चुकीचे सांगत नसताना यादीत जातींची संख्या एकाने वाढते. उष्ण कटिबंधातील देशांच्या पतंगयाद्या फुगण्यामागे नव्या शोधांइतकाच या प्रकाराचाही वाटा असतो, असे माझे मत आहे. भारतातून दहा हजारांहून अधिक जातींचे पतंग नोंदवलेले आहेत. एवढ्या मोठ्या यादीत समानार्थी नावे वेळोवेळी गाळली नाहीत तर ती यादी नावांची राहते, पतंगांची राहत नाही.

मात्र नावांचा घोळ मिटला म्हणून दुसरी ओळ सिद्ध झाली, असे झाले नाही. ओसरीवरच्या फोटोतील पतंग पंख मिटून बसलेला होता. या प्रजातीतील पतंग पंख मिटतात तेव्हा पुढचे पंख मागच्या पंखांना पूर्ण झाकतात आणि अख्खा पतंग वाळलेल्या पानासारखा दिसतो. शत्रूपासून लपण्यासाठी ते उपयोगाचे असले तरी नोंद घेणाऱ्याच्या दृष्टीने अडचणीचे आहे, कारण जात ओळखण्याची भरवशाची खूण मागच्या पंखावर असते. फॅलोनियाच्या नारिंगी-पिवळ्या मागच्या पंखावर काळ्या रंगाचा मोठा वक्र डाग आणि रुंद काळी किनार असते. मॅटर्नाच्या मागच्या पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असतो. पुढच्या पंखांवरून अंदाज करता येतो, परंतु तेथेही नर आणि मादी सारखे दिसत नाहीत. फॅलोनियाच्या मादीचे पुढचे पंख अधिक चितारलेले असतात, नराचे त्या मानाने साधे. समितीच्या मोबाइलमध्ये ‘अनोळखी’ म्हणून ठेवलेला आणखी एक फोटो होता. ॲपने त्याला कोणतेही नाव निश्चितपणे दिले नव्हते, म्हणून मसुदा लिहिणाऱ्याने तो वेगळाच कुठला तरी पतंग समजून बाजूला काढला होता. तो नर असण्याची दाट शक्यता होती. ॲप ज्या हजारो फोटोंवरून शिकते ते फोटो कुठले, कोणत्या लिंगाचे आणि कोणत्या स्थितीतले आहेत यावर त्याचे उत्तर अवलंबून असते, आणि त्याच्या उत्तरासोबत येणारी टक्केवारी ही पुराव्याची टक्केवारी नसते, हे समितीतील तरुण सदस्यांना पटायला थोडा वेळ लागला. अखेर दुसरी ओळ तात्पुरती ‘युडोसिमा, जाती अनिश्चित’ अशी बदलण्यात आली. काही सदस्यांना ही माघार वाटली. माझ्या दृष्टीने त्या पानावरची ती पहिली विश्वासार्ह नोंद होती.

यानंतरचे काम बागेत आणि रात्री करायचे होते. पतंगांची गणना म्हटली की पांढरा पडदा, त्यामागे किंवा पुढे तेजस्वी दिवा आणि अमावास्येच्या आसपासची रात्र, ही पद्धत सर्वांना माहीत असते. ती येथेही वापरली. पडद्यावर पतंग पुष्कळ आले, परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ते आले नाहीत, आणि त्यात नवल नव्हते : फळांचा रस शोषणाऱ्या या पतंगांना दिव्याचे आकर्षण कमी असते, त्यांना पिकलेल्या फळाचा वास ओढतो. केवळ दिव्यावर आधारलेली यादी एखाद्या गावात हा पतंग नाही असे सांगू शकते, आणि त्याच वेळी त्या गावातली संत्री त्याच्यामुळेच गळत असतात. यादीच्या वर ती कोणत्या पद्धतीने केली हे लिहिणे म्हणूनच गरजेचे असते, कारण पद्धत बदलली की यादी बदलते. पुढे समितीच्या सदस्यांनी हातबत्तीवर लाल कागद लावून संध्याकाळनंतर प्रत्यक्ष झाडांवरची फळे तपासली आणि बागेच्या कडेला अतिपिकलेली केळी व गूळ यांचे आमिष ठेवले. फळावर बसून रस शोषत असलेला पतंग अनेकदा पंख अर्धवट उघडतो किंवा फडफडवतो. त्या क्षणी मागचा पंख दिसतो. अशा फोटोंमधून आणि मोजक्या पकडलेल्या नमुन्यांमधून वक्र डागाचा फॅलोनिया आणि गोल ठिपक्याचा मॅटर्ना हे दोन्ही त्याच बागेत असल्याचे स्पष्ट झाले. डबीतला मेलेला पतंग गोल ठिपक्याचाच होता, त्यामुळे तिसरी ओळ आहे तशी टिकली. सर्व पाखरे एकच, हे बागायतदारांचे म्हणणे येथे मागे पडले. तरी बसलेल्या अवस्थेत हे दोघे इतके सारखे दिसतात की बागेत काम करणाऱ्याने त्यांना एक मानणे अगदी स्वाभाविक आहे.

त्याच रात्रींमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही फळांवर मध्यम आकाराचे, मागच्या पंखांवर काळे-पांढरे नक्षीकाम असलेले पतंग बसलेले होते. ते अकिया जनाटा, म्हणजे एरंडीवरील उंटअळीचे पतंग होते. हेही फळाचा रस घेतात. परंतु युडोसिमाची सोंड टणक, टोकदार आणि टोकाशी काटेरी असल्याने ती अभंग साल भेदू शकते, तर अकियासारखे पतंग बहुतेक वेळा आधीच पडलेल्या भोकाचा किंवा फुटलेल्या फळाचा फायदा घेतात. वहीत दोघांपुढे ‘संत्र्याचे नुकसान करतो’ एवढेच लिहिले असते तर कर्ता आणि मागाहून येणारा यांच्यातला फरकच पुसला गेला असता.

चौथ्या ओळीचे उत्तर सर्वांत उशिरा आले. गुळवेलीवरच्या अळीच्या पोटाकडील खंडांवर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके असतात. डिवचल्यावर ती डोके खाली वळवते, मागचा भाग उचलते आणि ते खोटे डोळे पुढे आणते. गावातल्या मुलांनी तिला दिलेले डोळेवाली हे नाव चपखल आहे. ही अळी युडोसिमा प्रजातीची आहे हे वर्णनावरून कळत होते, आणि फॅलोनिया ही त्या प्रजातीतली अधिक प्रसिद्ध जात असल्यामुळे ओळ सरळ फॅलोनियाला जोडावी, असा समितीचा कल होता. ग्रंथांचा आधारही होता, कारण फॅलोनियाची अळी गुळवेलीच्या कुलातील वेलींवर वाढते हे चांगले ठाऊक आहे. तरीही अळ्या पाळून पाहायचे ठरले. जाळी लावलेल्या डब्यांमध्ये रोज ताजी पाने देऊन अळ्या वाढवण्यात आल्या. कोणती अळी कोणत्या धुऱ्यावरून, कोणत्या वेलीवरून आणली याची चिठ्ठी प्रत्येक डब्यावर होती. एका अळीतून पतंगाऐवजी परजीवी माशी बाहेर पडली आणि ती नोंदही ठेवली गेली, कारण बागायतदाराच्या दृष्टीने तीही उपयोगी माहिती आहे. उरलेल्या अळ्यांनी पाने रेशमाने जुळवून त्यांच्या आत कोष केले. त्यांतून बाहेर पडलेल्या पतंगांच्या मागच्या पंखांवर गोल ठिपका होता. त्या धुऱ्यांवरच्या गुळवेलीवर वाढलेली अळी मॅटर्नाची होती.

येथे नोंदीची भाषा जपून वापरावी लागली. या निष्कर्षाचा अर्थ फॅलोनिया गुळवेलीवर वाढत नाही असा होत नाही. या गावात, पाळलेल्या अळ्यांपुरता, मॅटर्नाचा पुरावा मिळाला, एवढाच होतो. म्हणून चौथी ओळ तिसऱ्या ओळीत मिसळली गेली आणि मॅटर्नाच्या नोंदीपुढे ‘अळी गुळवेलीवर, गावात पाळून खात्री’ असे लिहिले गेले, तर फॅलोनियापुढे ‘अळी : गुळवेलीच्या कुलातील वेली, इतरत्रच्या माहितीनुसार’ असा वेगळा शेरा आला. गावाचा पुरावा आणि पुस्तकाचा पुरावा यांची सरमिसळ झाली की पुढच्या पिढीतील वाचकाला ते वेगळे करता येत नाहीत. हॅम्पसन यांच्या ग्रंथात अनेक जातींपुढे आढळस्थान म्हणून ‘संपूर्ण भारत’ अशा धर्तीचे ढोबळ शब्द येतात. त्या काळी तेवढे पुरेसे असेल, पण मध्य भारतातल्या कोणत्या तालुक्यातून नमुना गेला होता, हे आज अशा शब्दांवरून कळत नाही.

वर्गीकरणाच्या वरच्या पायरीवरही एक दुरुस्ती करावी लागली. पत्रिकेत या पतंगांचे कुल नॉक्टुइडी असे दिलेले होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते बरोबर मानले जात असे. मागच्या पंखांतील शिरांच्या रचनेवरून या गटाचे वेगळेपण जुन्या अभ्यासकांच्याही लक्षात आलेले होते; पुढे डीएनएवर आधारित अभ्यासांनंतर नॉक्टुइडीतील मोठा हिस्सा इरेबिडी या कुलात हलवला गेला आणि युडोसिमा व अकिया दोन्ही आता तेथे आहेत. तुरी-हरभऱ्यावरची घाटे अळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, मात्र नॉक्टुइडीतच राहिली. मसुद्यात हे सर्व एकाच कुलाखाली होते. गावपातळीवरच्या वहीला एवढ्या तपशिलाची गरज काय, असा प्रश्न ग्रामसेवकांनी विचारला आणि तो रास्त होता. कुलाचा रकाना वहीच्या नमुन्यात असल्यामुळे तो भरायचा तर बरोबर भरावा, एवढेच उत्तर त्याला देता आले.

डीएनए बारकोडिंग, म्हणजे पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखण्याची पद्धत, वापरावी अशीही सूचना आली होती. या दोन जातींसाठी ती अनावश्यक होती; उघडलेला मागचा पंख पुरेसा होता. पडद्यावर आलेल्या तांदळाएवढ्या लहान पतंगांची गोष्ट वेगळी आहे. कपाशीची गुलाबी बोंडअळी ज्या गेलेचिइडी कुलातली आहे त्या कुलातील पतंग केवळ फोटोवरून ओळखणे बहुधा अशक्य असते. त्यासाठी जननांगांचे विच्छेदन किंवा बारकोड लागतो. गुलाबी बोंडअळीचेच शास्त्रीय वर्णन कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी १८४४ मध्ये केले ते गुजरातेतील भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून, म्हणजे त्या इतक्या परिचित शत्रूचे नावही शेवटी टाचणीला लावलेल्या पतंगावरच उभे आहे. समितीने लहान पतंगांची नावे लिहिण्याचा मोह टाळला आणि त्यांचे फोटो तारखेसह ‘कुलापर्यंत’ किंवा ‘अनोळखी’ अशा शेऱ्यांनी ठेवले.

अंतिम पानावर प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचा एक रकाना वाढवण्यात आला : नमुना, मागचा पंख दिसणारा फोटो, पाळलेली अळी, किंवा केवळ ऐकीव माहिती. नमुन्यांना स्थळ, तारीख, पकडण्याची पद्धत आणि पकडणाऱ्याचे नाव असलेल्या चिठ्ठ्या लावून ते जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे ठेवायला दिले गेले. ग्रामपंचायतीच्या कपाटात कसर आणि ओल यांपासून ते वाचणार नव्हते. ऑथ्रिस फुलोनिया आणि ओफिडेरिस ही जुनी नावे पुसली नाहीत, तर फॅलोनियाच्या नोंदीखाली ‘जुनी नावे’ म्हणून ठेवली, कारण जुनी पत्रिका हातात घेऊन येणारा शेतकरी ती शोधणारच.

राहिला गुळवेलीचा वाद. मॅटर्नाची अळी धुऱ्यावरच्या वेलीवर वाढते हे सिद्ध झाल्यावर वेल उपटावी या मताला जोर येणे साहजिक होते. परंतु हे पतंग दूरवर उडणारे आहेत, आणि या गावाच्या शिवारापलीकडे सातपुड्याचे जंगल आहे, जिथे याच कुलातील वेली मुबलक आहेत. ज्या गावाभोवती दूरपर्यंत केवळ शेती आहे तेथे वेल काढण्याचा उपयोग कदाचित अधिक होईल. जंगलाच्या कडेच्या गावात धुरे स्वच्छ करून पतंगांची आवक थांबेल, असे मानायला आधार दिसला नाही. समितीने बागेला लागून असलेल्या धुऱ्यांवरची वेल पावसाळ्यात तपासून अळ्या हाताने वेचाव्यात, गावठाण आणि ओढ्याकाठची वेल राखावी, आणि फळे पिकण्याच्या दिवसांत गळालेली संत्री रोज गोळा करून पुरावीत व संध्याकाळी बागेत धूर करावा, असा ठराव केला. गळालेल्या फळांचा वासच पतंगांना बोलावतो, त्यामुळे ठरावातील सर्वांत परिणामकारक कलम तेच ठरेल असे मला वाटते, जरी बैठकीत सर्वांत कमी चर्चा त्याच्यावर झाली.